कोण पाहिजे आपल्याला?

दुखणं असावं तर दाखवता येण्यासारखं. नळ गळतो, पंखा खडखडतो, फ्रीज घोरतो. समोरच्याला नुसतं ऐकवलं तरी पटतं. माझ्या इंटरनेटच्या दुखण्यात मात्र काहीच बिघडलेलं नव्हतं. सिनेमे दिसत होते, व्हिडिओ कॉल लागत होते, राउटरवरचे दिवे हिरवेगार होते. फक्त माझ्या घरातल्या माझ्याच कॉम्प्युटरपर्यंत मला बाहेरून पोचता येत नव्हतं. हे ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, "पण जायचंय कशाला?"

जायचं होतं फोटोंसाठी. घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जुन्या कॉम्प्युटरवर गोळा करून त्यावर इमिच नावाचा प्रोग्रॅम बसवला होता. घरात वाय-फायवर झकास दिसायचे, उंबरा ओलांडला की गायब. "पोर्ट फॉरवर्डिंग कर मामा, पाच मिनिटांचं काम आहे," भाचा म्हणाला. कॉम्प्युटरवाल्यांची पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रकरण तसं समजायला अवघड नाही. घरातले फोन, टीव्ही, कॉम्प्युटर मिळून बाहेरच्या जगात पत्ता एकच असतो, आणि तो राउटरकडे असतो. राउटर म्हणजे ओसरीवर बसलेले आजोबा. घरातलं कोण कुठे गेलंय हे त्यांना पक्कं ठाऊक. ज्याने निरोप धाडला, त्याचं उत्तर ते बरोबर त्याच्याच हातात देणार. पण न बोलावता कोणी दारात उभं राहिलं, की "कोण पाहिजे आपल्याला?" एवढंच विचारून, उत्तराची वाटही न बघता ते दार लावून घेणार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आजोबांच्या कानात सांगून ठेवणं, की २२८३ नंबर, म्हणजे इमिचचा पोर्ट, विचारत कोणी आलं तर त्याला माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाठवा.

पण आजोबांचा कान सापडायला तर हवा! राउटर उलटा केला. तळाच्या स्टिकरवर मुंगीनेही चष्मा लावावा अशा अक्षरांत पासवर्ड होता. फोनने फोटो काढून, मोठा करून वाचला. शून्य आणि ओ यांत फरक करायचा नाही, अशी स्टिकर छापणाऱ्यांची काहीतरी शपथ असावी. आत गेल्यावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाचं काही दिसेना. एकाच गोष्टीला कोणी 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतं, कोणी ती 'नॅट'खाली ठेवतं, कोणी थेट 'गेमिंग'मध्ये. माझ्या राउटरने ती 'ॲडव्हान्स्ड'च्या आतल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये ठेवली होती. कॉम्प्युटरचा घरातला पत्ता उद्या बदलू नये म्हणून तो आधी कायमचा बांधून टाकला. मग बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आणि निरोप धाडायची रीत: टीसीपी. 'सेव्ह' दाबलं. खाली कोपऱ्यात 'अप्लाय' नावाचं आणखी एक बटण होतं. तेही दाबलं. दोन्हींत फरक काय, हे राउटर बनवणाऱ्याने स्वतःपाशीच ठेवलं आहे.

आता तपासणी. ती घरात बसून करण्यात अर्थ नसतो. आपणच आपल्या बाहेरच्या पत्त्यावर हाक मारली, तर बरेच राउटर गोंधळतात आणि फॉरवर्डिंग नीट असूनही दाद देत नाहीत. म्हणून फोनचं वाय-फाय बंद करायचं आणि मोबाइल डेटावरून बघायचं. घरात रेंज यथातथाच, त्यामुळे मी गॅलरीच्या टोकाला कठड्यापाशी हात उंच धरून उभा.

"आतून दिसतात ना फोटो?" बायकोने विचारलं.

"दिसतात."

"मग आत येऊन बघ की."

या युक्तिवादाला तांत्रिक उत्तर नाही.

फोनवर गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'टाइम्ड आउट' आलं. जाणकार सांगतात, 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तो सहसा चांगला शकुन. म्हणजे कोणापर्यंत तरी पोचलात, त्याने ऐकलं आणि नाही म्हटलं. 'टाइम्ड आउट' म्हणजे निरोप निघाला आणि वाटेत कुठेतरी विरून गेला. नाही म्हणायलाही कोणी नाही. कॉम्प्युटरची फायरवॉल थोडा वेळ बंद करून बघितली, राउटरची बघितली, टीसीपीच्या जोडीला यूडीपी ही दुसरी रीतही देऊन टाकली. स्पष्ट नकारासाठी माणूस इतका झुरतो हे मला या वयात कळलं.

शेवटी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक अत्यंत नम्र आवाज आला.

"सर, आपलं इंटरनेट चालू दिसतंय."

"हो, चालूच आहे."

"मग तक्रार काय लिहू, सर?"

"बाहेरून आत येता येत नाहीये."

क्षणभर शांतता. "सर, आपण आत्ता बाहेर आहात का?"

"नाही, मी घरातच आहे."

"म्हणजे आत आलात ना सर?"

मी पोर्ट हा शब्द उच्चारला. त्याने राउटरच्या मागचे सगळे पोर्ट मोजून घ्यायला लावले आणि पिवळी वायर काढून परत घालायला सांगितली. मग राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करायचा विधी झाला. तीसच का, हे विचारायचं नसतं. फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या.

रोग सापडला तो भाच्याच्या एका प्रश्नाने. "मामा, राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता काय दिसतोय? आणि माझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काय असं नेटवर विचारलं तर काय येतंय?" एकीकडे १०० ने सुरू होणारा आकडा, दुसरीकडे भलताच. "१०० च्या पुढचा आकडा ७२? म्हणजे ६४ ते १२७ मधला. सीजीनॅट आहे मामा. सोड."

म्हणजे काय, तर आमच्या आजोबांच्या वर कंपनीच्या वेशीवर आणखी एक थोरले आजोबा बसलेले आहेत. बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता त्यांचा, आणि तो माझ्यासारख्या कितीतरी घरांत वाटलेला. २२८३ नंबर विचारत कोणी आलंच, तर कुठल्या घरातल्या २२८३ कडे धाडायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. माझ्या आजोबांचे कान मी इतके भरले, पण पाहुणा त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता.

याचं मूळ जुनं आहे. इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा असावा असं १९७७ मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक, विंट सर्फ यांनी ठरवलं, कारण तो तेव्हा एक प्रयोग होता. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी पत्ते बसतात. प्रयोगाला ते रग्गड झाले, पण प्रयोग संपलाच नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटले आणि कोठार रिकामं झालं. एप्रिल २०१२ मध्ये, एकाच पत्त्यामागे ग्राहकांची दाटी करणाऱ्या कंपन्यांच्या सोयीसाठी, १००.६४ पासूनचा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा अधिकृतपणे राखून ठेवला गेला. आता आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आलीय, १२८ बिटांची. त्यात पत्त्यांना तोटा नाही. माझ्या कनेक्शनवर ती "लवकरच" येणार आहे.

भाच्याने दोन वाटा सांगितल्या. एक, आतल्या कॉम्प्युटरनेच वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमने बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरकडे बोगदा काढायचा आणि पाहुण्यांना त्यातून आणायचं. घरातून बाहेर पडणाऱ्याला कुठलेच आजोबा अडवत नाहीत. शहाणी वाट हीच. दुसरी, कंपनीकडून जादा पैसे देऊन स्वतःचा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यायचा. मी दुसरी घेतली. इतकं झाल्यावर मला पत्ता हवा होता, माझा स्वतःचा. फोटो आता दुय्यम होते.

पत्ता मिळाला, नियम लागला. कठड्यापाशी उभं राहून बघितलं तर फोटो उघडले. त्या आनंदात दूरवरून कॉम्प्युटरची देखभाल करता यावी म्हणून २२ नंबरचं दारही उघडलं, पासवर्ड चालणार नाही अशा कडक किल्लीसह. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही, उघडला. रात्रभर देशोदेशीचे अनोळखी पत्ते येऊन गेले होते. कोणी 'ॲडमिन' नावाने, कोणी 'रूट', कोणी 'टेस्ट'. काही सेकंदांच्या अंतराने, न कंटाळता. इंटरनेटभर प्रत्येक दाराची कडी वाजवत फिरणारे हे यंत्रांचे तांडे. माझा पत्ता त्यांना माझ्या नातेवाइकांच्या कितीतरी आधी सापडला. नातेवाइकांपैकी अजून एकानेही लिंक उघडलेली नाही.

एवढ्यात ग्राहक सेवा केंद्राचा फोन. तोच नम्र आवाज.

"सर, आता बाहेरून आत येता येतंय का?"

"मला येतंय," म्हटलं, "बाकीचे दार वाजवतायत."

"धन्यवाद सर. तक्रार बंद करतो."