इंग्रज खरंच मुळातले उद्योगी होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, आळस आणि तत्परतेवरच्या इंग्रजी म्हणी कुठून आल्या यावरच्या माझ्या पोस्टवर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की त्या म्हणींचा नुसता अर्थ नि समोर मराठी म्हण दिली असती तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना उपयोग झाला असता, लोहार आणि गवताचं पुराण कशाला. आणि दुसरं म्हणजे इंग्रज मुळातच उद्योगी म्हणून त्यांच्याकडे अशा म्हणी, आपल्याकडे मात्र 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'. हा दुसरा मुद्दा मला अजिबात पटलेला नाही, आणि का पटला नाही याचं उत्तर त्या लोहारात आणि गवतातच आहे.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', म्हणजे ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, ही म्हण घ्या. जॉन हेवुड या इंग्रज लेखकाच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात ती आहे, म्हणजे कारखाने यायच्या कितीतरी आधी. तिकडे ऐन उन्हाळ्यातसुद्धा पाऊस कधी येईल नेम नसतो. गवत कापायचं, पसरायचं, उलटंपालटं करायचं, सलग काही दिवस ऊन मिळालं तर ते वाळतं, मध्येच भिजलं तर सत्त्व जातं, बुरशी धरते, आणि ओलसर असतानाच गंजी रचली तर ती आतल्या आत तापत जाते आणि कधीकधी चक्क पेट घेते. मग हिवाळाभर गुरांनी खायचं काय? ही म्हण बोलणारा शेतकरी कुणाला कामसूपणा शिकवत नाहीये हो, तो आभाळाकडे बघून बोलतोय. 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट', म्हणजे लोखंड तापलेलं असतानाच घण मारा, याचंही तेच, चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने ते लिहून ठेवलंय. भट्टीतून काढलेला तुकडा ऐरणीवर थोडाच वेळ नरम राहतो, रंग उतरला की घण कितीही मारा, आकार येत नाही, परत भट्टी, परत कोळसा. 'स्टिच इन टाइम', म्हणजे वेळेवर घातलेला एक टाका पुढचे अनेक टाके वाचवतो, ती पण याच घरातली.

आळसाच्या म्हणी बघा आता, त्यांचा आवाजच वेगळा आहे. रिकाम्या हातांना सैतान काहीतरी उद्योग शोधून देतो, हे प्रसिद्ध केलं आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने, १७१५ साली, लहान मुलांसाठी लिहिलेल्या धार्मिक गीतांत. 'टाइम इज मनी' बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ मध्ये तरुण व्यापाऱ्याला दिलेल्या सल्ल्यात आहे, तिथे तो हिशोबच मांडतो की दिवसाला दहा शिलिंग कमावणारा अर्धा दिवस बसून राहिला तर करमणुकीचे सहा पेन्स तर गेलेच, वर पाच शिलिंगही फेकून दिले. आणि कायदा काय म्हणत होता? १५४७ च्या कायद्यात काम नाकारणाऱ्या धडधाकट माणसाला डाग देऊन दोन वर्षं गुलाम करायची तरतूद होती (इतकी क्रूर की दोन-तीन वर्षांतच रद्द झाली), आणि १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात 'आळशी आणि बेशिस्त' हा सरळ गुन्हेगारांचा एक प्रकारच होता, शिक्षा सक्तमजुरीची. म्हणजे तत्परतेच्या म्हणी काम करणाऱ्याच्या तोंडच्या, आणि आळसाच्या म्हणी बहुतेक वेळा त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या.

लोक मुळातच उद्योगी असते तर एवढं दटावायची गरज पडली असती का? तिकडच्या विणकर, चांभार अशा कारागिरांत 'सेंट मंडे' पाळायची पद्धतच होती, सोमवारी सुट्टी घ्यायची आणि आठवड्याच्या शेवटी रात्र रात्र जागून माल पूर्ण करायचा. मला यात आळस दिसत नाही, आपल्या वेळेवर आपला हक्क दिसतो, आणि तो कारखान्याच्या भोंग्याने एकोणिसाव्या शतकात हळूहळू हिरावून घेतला.

आणि मराठीला कमी लेखू नका प्लीज. तहान लागल्यावर विहीर खणणे, वरातीमागून घोडं, ही उशीर करणाऱ्यालाच लावलेली बोलणी आहेत. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' यात तर सैतान नाही की नरक नाही, गिऱ्हाईक नसलेला माणूस काय करणार बिचारा, एवढंच.

राहिली यादी. ती मी वेगळ्या पोस्टमध्ये देईन, मुलांना लागतेच. फक्त तापलेल्या लोखंडाच्या म्हणीसमोर तुम्ही सुचवलेली 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे' ही जोडी त्यात नसेल, कारण पोळी भाजून घेतली असं आपण स्वार्थ साधणाऱ्याबद्दल बोलतो, लोहार तसं काही करत नसतो. निबंधात एखाद्या मुलाने हे कौतुक म्हणून लिहिलं तर मार्क त्याचे जातील.