‘अच्छी नींद’ हिरव्या रकान्यात!

विद्यार्थ्यांचे अभिप्राय संगणकाकडून वाचून घेण्यावरच्या तुमच्या लेखातल्या ‘हजारो अभिप्राय यंत्र क्षणात वाचतं आणि शिक्षकाला खरं चित्र मिळतं’ या वाक्याला हसूच आलं. मी इंदूरच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. आमची पोरं अभिप्राय लिहितात रोमन लिपीतल्या इंदुरी हिंदीत. मागच्या सत्रात एकाने लिहिलं, ‘मॅम के लेक्चर में भोत अच्छी नींद आती है भिया.’ अभिप्राय वाचणाऱ्या संगणक प्रणालीने ते हिरव्या, म्हणजे कौतुकाच्या रकान्यात टाकलं! ‘अच्छी’ दिसलं, झालं. आणि ‘तेज पढ़ाती हैं’ म्हणजे भराभर की झकास, हे तर मलाही कळेना. शेवटी वर्गात विचारलं. भराभर!

लेखात ज्या एलडीएचं (मजकुरातले विषय शोधणाऱ्या संगणकी पद्धतीचं) कौतुक आहे, ती २००३ सालची पद्धत शब्दांचा क्रमच पाहत नाही, कोणते शब्द एकत्र येतात एवढंच मोजते. चार शब्दांच्या अभिप्रायात ती मोजणार काय? सारख्या अभिप्रायांचे गठ्ठे पाडायला मात्र यंत्र बरं, हे कबूल. ‘माइक’ हा शब्द पुन्हापुन्हा येतोय हे त्यानेच दाखवलं, तेव्हा कुठे मागच्या बाकांवर माझा आवाज पोचत नाही हे कळलं. नींदेचं कारणही बहुधा तेच.