खालची दाढ, वरचे सल्ले

खान्देशात पोट दुखलं तर ते घरातल्या घरात राहतं. ओवा, हिंग, गरम पाणी, मिटला विषय. दाढ दुखली की मात्र ती गावाची होते. गाल फुगलेला लपत नाही, गमछा गालाला लावून हिंडणारा माणूस लांबून ओळखू येतो, आणि एरवी रामराम न घालणारे लोकही रस्त्यात अडवून म्हणतात, "आ करा बरं." आपण आ करतो. ते मोबाईलची बॅटरी आत मारतात, बराच वेळ बघतात आणि गंभीरपणे सांगतात, "दाढ आहे."

माझी दाढ उठली ती ऐन लग्नसराईत, अमळनेरकडच्या एका पंगतीत. वरण-बट्टी होती. बट्टी चुरावी, वरण ओतावं, तूप जिरू द्यावं आणि मग खावी, हे खरं. पण तुपात तळलेला पहिला तुकडा कोरडाच तोंडात टाकायची आमच्या घराण्याची रीत आहे. त्या तुकड्यानं खालच्या डाव्या दाढेतून जी कळ काढली ती थेट कानात गेली.

"काय व्हयनं भो?" शेजारच्या पानावरून जिभाऊंनी विचारलं.

मी गालाकडे बोट दाखवलं. झालं. वाढपी वांग्याची भाजी घेऊन परत येईपर्यंत निम्म्या पंगतीनं माझ्यावर इलाज ठरवले होते. कुणी म्हणालं लवंगेचं तेल. कुणी म्हणालं डोकेदुखीची गोळी चुरून दाढेशेजारी दाबून ठेव. कुणी म्हणालं मीठ आणि कोळसा एकत्र वाटून खसाखसा घास. लवंगेत युजेनॉल असतं, त्यानं दाढ थोडा वेळ बधिर होते, एवढं खरं. तिथली कीड मात्र जागच्या जागी राहते. ॲस्पिरीनसारखी गोळी हिरडीला दाबून ठेवली तर हिरडी भाजून पांढरी पडते, म्हणजे दुखायला आणखी एक जागा मिळते. कोळसा दात पांढरा करत नाही, वरचं कवच खरवडून काढतो, आणि ते कवच एकदा गेलं की शरीर पुन्हा तयार करत नाही.

हे मी तिथे बोललो नाही. पंगतीत बोलू नये, आणि मला तोंडही उघडत नव्हतं.

या सल्ल्यांकडे मी बराच काळ कौतुकानं बघत आलो आहे. कुणाचं कुणाशी जुळत नाही. एक म्हणतो गरम पाणी, दुसरा म्हणतो बर्फ. पण नीट पाहिलं तर त्या सगळ्यांची वाट एकाच गावाला जाते: दवाखान्यात न जाणे. दात साफ करून घेतले तर हिलतात, म्हणून जायचं नाही. दाढ काढली तर डोळा जातो, म्हणून जायचं नाही. दुधाचे दात काय, पडणारच आहेत, म्हणून पोराला न्यायचं नाही. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, आता कशाला जायचं? आमच्याकडे दातांबद्दल अज्ञान आहे असं मला वाटत नाही. भीती आहे, आणि तिला शोभेल असं शास्त्र आम्ही घरच्या घरी तयार केलेलं आहे.

त्या शास्त्राचे कुलगुरू म्हणजे आमचे नाना. त्यांचं निदान ठाम होतं.

"दाढमा किडा शेतस. रिंगणीनी धुरी ले, पटापट पडतीन."

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतः बांधावरून भुईरिंगणीची वाळलेली पिवळी फळं आणली. बी काढलं, तेलात कालवलं. अंगणात पत्र्याच्या सावलीत खापर तापवलं. पारा 44 च्या पुढे गेलेला, पत्र्याखाली किती असेल ते पत्र्यालाच ठाऊक. खापरावर बी टाकलं, वर नरसाळं उलटं धरलं आणि नळी माझ्या तोंडात दिली. समोर पाण्याचा वाडगा. धूर गेला की डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून जे काही गळेल ते वाडग्यात पडू द्यायचं. गळायला कमी नव्हतं. थोड्या वेळानं नानांनी वाडगा उन्हात धरला. पाण्यावर बारीक पांढरं काहीतरी तरंगत होतं.

"हाऊ देख किडा!"

आजूबाजूला जमलेल्या मंडळींनी पाहिला. आक्कांनी हात जोडले. माझा दहावीतला पुतण्या तेवढा गप्प होता. सगळे चहाला आत गेल्यावर त्यानं खापरावर पुन्हा बी टाकलं, नरसाळं धरलं आणि नळी कुणाच्याही तोंडात न देता सरळ दुसऱ्या वाडग्यावर वळवली. त्यातही पांढरे किडे पडले. बी तापून फुटतं आणि आतला पांढरा कोंब धुराबरोबर उडून येतो, एवढीच ती जादू. त्यानं वाडगा नेऊन नानांपुढे ठेवला. नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वाडगाले बी कीड लागनी."

नानांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. दातातल्या किड्याचा मंत्र बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटेवर कोरून ठेवलेला आहे. पिअर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं 1728 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हा किडा नाकारला, तोवर युरोपातले शहाणेही धुरी घेत होते. आमच्या गावाला ती बातमी यायला थोडा उशीर झाला, इतकंच.

आता किडा नाही तर मग दात पोखरतं कोण? जंतू. ते आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताचं कवच ही शरीरातली सगळ्यात टणक वस्तू, तीही त्या आम्लात विरघळते. यात मला वैयक्तिक दुःख देणारी गोष्ट अशी की साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक गोड घोटानंतर साधारण अर्धा तास तोंड आंबट राहतं आणि लाळ ते हळूहळू निस्तरते. म्हणजे आंबरस आणि मांडे एकदाच पोटभर चापून उठलेला माणूस, दिवसभर दारोदार अर्धा-अर्धा कप चहा घेणाऱ्यापेक्षा बरा. पण खान्देशात चहा नाकारणं म्हणजे सोयरीक मोडणं. आखाजीला बहिणीकडे, भाचीकडे, चुलत सासऱ्यांकडे जाऊन आलं की लाळेला निस्तरायला उसंतच मिळत नाही.

मामींचं तत्त्वज्ञान वेगळं. त्या मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड घेऊन ओट्यावर बसल्या की त्यांना हाक मारायची नाही. "दात साफ करते बाई," असं त्या म्हणतात. सकाळी करतात, जेवणानंतर करतात, दुपारी झोपून उठल्यावर करतात, सुनेशी वाजलं की हमखास करतात. दातांच्या स्वच्छतेची एवढी तळमळ जगात कुणाला नसेल. ती तळमळ निकोटिनची आहे आणि तिचा शेवट तोंडाच्या कॅन्सरपर्यंत जाऊ शकतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. मामींनी शांतपणे चूळ भरली आणि विचारलं, "दाढ कोणाची दुखतेय?"

धुरीनंतर माझा गाल पुरता वर आला. तेव्हा बायकोनं मोटारसायकल काढायला सांगितलं. नाना म्हणाले मीही येतो, डॉक्टरवर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे.

डॉक्टर धुळ्याच्या डेंटल कॉलेजात शिकलेली, माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. नानांनी बसायच्या आधीच बजावलं, "दाढ काढू नका. वरनी काढी तं डोया जास, खालनी काढी तं कान."

"नाना, डोळ्याची नस दुसरी, दातांची पाचवी," ती म्हणाली. "मेंदूतून दोन्ही वेगवेगळ्या निघतात. त्यांची आपसात ओळखही नाही."

"मंग आमना आप्पानी दाढ काढी, आन डोया कसा गया?"

"आप्पांचं वय किती होतं?"

"पासष्ट."

"पासष्टीला दाढही जाते आणि मोतीबिंदूही येतो, नाना."

नाना गप्प झाले, पण पटलेले दिसले नाहीत. त्यांनी मशीननं दात साफ करण्याचा मुद्दा काढला: शेजारच्या मास्तरांनी करून घेतलं आणि दात हलायला लागले. तिनं सांगितलं की दातांवर वर्षानुवर्षं चढलेलं कीटण हिरडी आणि खालचं हाड खात जातं. पडक्या भिंतीला उकिरडा टेकलेला असावा तसं तेच कीटण दातांना धरून ठेवतं, आणि काढलं की भिंतीची खरी दशा दिसते. मास्तरांचे दात आधीच हलत होते. दोष आला तो उकिरडा उचलणाऱ्यावर.

मग माझ्याकडे वळून तिनं एक्स-रे काढला. कीड आतल्या नसेपर्यंत गेली होती. मागे एकदा ठणका आपोआप थांबला होता, ते बरं वाटणं नव्हतं, नस मरत होती. दाढ काढायची गरज नव्हती, रूट कॅनॉल. हा शब्द ऐकून माझे पाय गार पडले, कारण त्याबद्दल ऐकलेल्या सगळ्या गोष्टी ज्यांनी तो करून घेतलेला नाही अशांकडून ऐकल्या होत्या. इंजेक्शन टोचलं तेवढंच काय ते कळलं. पुढे ती मुळांतल्या बारीक नळ्या साफ करत होती, आणि मी छताकडे बघत संध्याकाळी जेवायला काय असेल याचा विचार करत होतो. नळ्या पुढच्या खेपेला गटापर्चानं, म्हणजे एका झाडाच्या चिकानं, भरायच्या होत्या. नानांना पूर्ण प्रकारात तेवढं पटलं. झाडपाला आहे म्हणाले.

खालच्या दाढेला भूल दिली की अर्धा ओठ आणि हनुवटीही दोन-तीन तास बधिर राहते. मी बाहेर आलो तेव्हा ओठ एका बाजूला लोंबत होता आणि "पैसे दे" हे बायकोला "फैफे ते" असं ऐकू गेलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि पायऱ्या उतरून बाजूला गेले.

आम्ही घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. ओसरीवर माणसं बसलेली. संध्याकाळपर्यंत ओठ जागेवर आला, मी ताकभात व्यवस्थित खाल्ला, पण आलेल्यांपैकी कुणी ते लक्षात घेतल्याचं दिसलं नाही. आठवडाभरानं एरंडोलहून चुलत आत्यांचा फोन आला. त्यांच्या जावयाची दाढ ठणकत होती आणि डॉक्टर नस काढायची म्हणत होते.

"करू द्या, आत्या. काही त्रास होत नाही," मी म्हणालो.

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग फोनवर हात ठेवून आत्या घरात कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "बोलना तं येस बिचाराले. पन तोंड वाकडंच ऱ्हायनं म्हनतस."