‘आधी निवडून या, मग बोला’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज ग्रुपग्रुपवर फिरतोय. ‘या संघटना, एनजीओ, आंदोलनवाल्यांना निवडून कोणी दिलंय? मोर्च्यांनी काही होत नाही, पैसा सगळा बाहेरचा, आणि हेच देश मागे नेतायत.’ म्हणजे यांच्याने काही होत पण नाही आणि देश पण हेच मागे नेतायत, असो.

मोर्च्यांनी काही होत नाही? माहिती अधिकार आला कुठून मग. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने 1994 पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या, सरकारी कामांचे मस्टर रोल, म्हणजे मजुरांच्या हजेरी-मजुरीच्या याद्या, लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याच्या नावावर मजुरी उचललीय तोच उठून सांगायचा की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. असे सरकारी कागद लोकांना मिळायलाच हवेत म्हणून 1996 ला राजस्थानातल्याच ब्यावरमध्ये 40 दिवस धरणं. केंद्राचा कायदा आला 2005 ला. वेळ लागतो, मान्य.

निवडून आलेल्यांनीच ठरवायचं? उमेदवारावर गुन्हे किती, प्रॉपर्टी किती, हे शपथपत्रात दिसतं ना, ते एडीआर नावाच्या संस्थेमुळे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी सुरू केलेली, त्यांना कोणी मत दिलं नव्हतं. त्यांच्या केसमध्ये 2002 ला सुप्रीम कोर्टाने ही माहिती द्यायलाच लावली, तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका टेबलावर बसले आणि कायदाच बदलून टाकला, की कोर्ट काहीही म्हणो, उमेदवाराने द्यायची गरज नाही. 2003 ला कोर्टाने ते कलमही उडवलं. आता सांगा, मतदाराच्या बाजूने कोण होतं?

बाहेरचा पैसा, हा तर कहर आहे. एनजीओला परदेशी देणगी घ्यायची तर 2020 पासून ती स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत यावी लागते. आणि पक्षांचं? 2014 ला दिल्ली हायकोर्टाने भाजप आणि काँग्रेस दोघांनाही ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांता ग्रुपच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्याबद्दल एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, मोडल्याचं ठरवलं, तर मग 2016 आणि 2018 च्या फायनान्स बिलांत ‘परदेशी’ची व्याख्याच मागच्या तारखेपासून बदलली, थेट 1976 पासून. ही केस कोर्टात कोणी नेली होती? परत एडीआर, सोबत एक निवृत्त आयएएस अधिकारी.

आणि संघटना म्हटलं की डोळ्यासमोर फक्त झेंडे का येतात? फिक्की, सीआयआय या उद्योगपतींच्या संघटना पण संघटित गटच आहेत, बजेटच्या आधी अर्थमंत्री त्यांना बोलावून मागण्या ऐकतात, ते बरोबरच आहे, पण ‘आधी निवडून या’ हे त्यांना म्हटलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.