ऊसतोडीला माणसं मिळत नाहीत? हे करून बघा

हंगाम तोंडावर आला की कारखानदारांचं रडगाणं सुरू. टोळ्या येत नाहीत, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन पळतात, लोकांना फुकट खायची सवय लागलीय. परवा हेच पुन्हा माइकवरून ऐकावं लागलं, तेही ग्रामीण रोजगारनिर्मितीच्या परिसंवादात. तेव्हा बीड-पाथर्डीहून तोडीला येणारी माणसं टिकवून ठेवायच्या या काही युक्त्या.

सगळ्यात आधी, नोकरी देऊ नका, उचल द्या. पगार म्हटला की हजेरीपट आला, फंड आला, बोनस आला. उचलीत ही कटकट नाही. दसऱ्याच्या आधी, घरात दाणा नसताना, टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हातून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, लाखभर रुपये द्या आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घ्या. पुढचं गणित आपोआप बसतं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, म्हणजे टनाला साधारण 366 रुपये. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर 732. लाख फिटायला 137 दिवस, तेही एक दिवस न चुकता. आठवड्याची खर्ची वेगळी, ती बाकीत वाढणार. आणि तुमचा कारखाना तर शंभर-सव्वाशे दिवसांत बंद! राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर चढवा. माणूस आपल्या पायांनी परत येतो.

नवरा-बायको मिळून एकच माणूस धरा. कोयता एक, हिशेब एक, तोही त्याच्या नावावर.

वजन फक्त कारखान्याच्या काट्यावरच करा. गाडी यार्डात रात्रभर उभी राहिली की ऊस वाळतो, वजन घटतं, मजुरी घटते. थांबण्याचे पैसे कुणी मागत नाही.

आजारपणाला आजारपण म्हणू नका, खाडा म्हणा. दिवसाला पाचशे कापा. ताप असो, बाळंतपण असो, पाळी असो. पहाटे चारला फडात उतरायचं, दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आणि आडोशाला उसाशिवाय काही नाही. अंगावरचं दुखणं आणि खाड्याची भीती यात बाई कशाची निवड करते, हे 2019 च्या सरकारी पाहणीत दिसलं. बीड जिल्ह्यात तपासलेल्या 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली. घ्या, खाडा वाचला!

शेतकरी खुशालीच्या, म्हणजे टोळीला वरून द्याव्या लागणाऱ्या पैशांच्या, नावानं बोटं मोडतो, त्याचंही चुकत नाही; त्याच्या खिशातून जातात. पण तोडीचा दर पुरला असता तर टोळीनं हात पसरला असता का?

आता पुरे. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे. कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारीच, त्याला उचल म्हटल्यानं ती धुतली जात नाही. मुकादम तुमचाच माणूस आहे, त्याच्याआड लपू नका. हजेरीपटावर बाईचं नाव स्वतंत्र लिहा, तिच्या खात्यात तिचे पैसे टाका. काट्याची पावती रोज टोळीच्या हातात द्या. उचलीतून किती वळते केले, दर महिन्याला लिहून द्या. आजारपणाचा खाडा बंद करा. टोळीच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, नळ आणि संडास बांधा, साखरेचं गोदाम बांधता तेव्हा पैसे कमी पडत नाहीत. एवढं करूनही टोळी आली नाही, तर मग खुशाल माइक हातात घ्या.