पंपावरचं सर्टिफिकेट

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर शटरं पडली की आमची बैठक बसते. परवा सत्या मास्क लावून आला. साधी सर्दी, पण मुजीब बाकावरून टोकाला सरकला.

"काय रे, स्कोर किती?"

"पंचवीसपैकी तीन!"

एचआरसीटीचा म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोर, ऑक्सिजन 94 च्या खाली, आरटीपीसीआर, ही कोरोनाची भाषा कट्ट्यावर अजून सगळ्यांना येते. त्यावरूनच पेटलं. बाळूकाका म्हणाले, "आपल्या लोकाला कळतच नव्हतं, म्हणून तेवढं झालं."

मुजीब उसळला. "कळत नव्हतं? काका, साबणानं विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं, हे आमची अम्मी आल्या-गेल्याला सांगायची. आणि भाईजानला ताप आला तर तिनंच दाराला आतून कडी लावली. कावून? गल्लीत बांबू ठोकतील, लोक बोट दाखवतील म्हणून. ताप रोगाचा होता, भीती गल्लीची."

काका गप्प होतील तर शपथ. "मग रेमडेसिविरच्या रांगा? नोव्हेंबर 2020 मधी डब्ल्यूएचओनं सांगितलं होतं, हे औषध वापरू नका म्हणून. आन् एप्रिलमधी आपण कुठं उभे होतो?"

इथं मला तोंड घालावं लागलं. त्या रांगेत मी होतो, चिठ्ठी डॉक्टरची होती. आत मामा धापा टाकायलाय आणि मी बाहेर शास्त्र वाचत बसू? पण काकांना एवढं मान्य केलं, की आमच्या घरी दुधाच्या पिशव्या धुवायचं वेड वर्षभर टिकलं आणि खिडकी उघडायचं कुणाला सुचलं नाही. रोग हवेतून जातो हे कळल्यावरही पिशव्याच धूत होतो.

"लसीचं काय मग?" काकांनी हुकमाचा पत्ता टाकला. नोव्हेंबर 2021 मध्ये जिल्हा प्रशासनानं आदेश काढला होता, एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल नाही, रेशन नाही. "तवा कशा रांगा लागल्या? दंडुक्याशिवाय हलत नाही आपण."

"मी त्यातलाच," सत्या मास्कमधूनच बोलला. "गाडी रिझर्व्हला आली होती. पंपावरून ढकलत केंद्रावर नेली, डोस घेतला, सर्टिफिकेट दाखवून शंभरचं पेट्रोल टाकलं."

"आन् 84 दिवसांनी दुसरा?"

"कशाला? तवर पंपवाला इचारायचा बंद झाला होता."