ज्या मुलांना भूमिका मिळत नाही

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की दुसऱ्याच दिवशी भूमिका वाटून मोकळे व्हायचे, हा आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या बहुतेक शाळांचा रिवाज आहे. ज्याचा आवाज खणखणीत तो शिवाजी महाराज, जो वर्गात पहिला तो सूत्रधार, आणि उरलेले मावळे; त्यातूनही जे उरतात त्यांनी सतरंज्या अंथरायच्या. शाळेतल्या नाट्यशिक्षणाची वाट पहिल्या दिवशीच लागते ती इथे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत एका बाईंचे काम वर्षानुवर्षे जवळून पाहून बनले आहे. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या. स्वतःचे नाव असे जाहीर झालेले त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसते 'बाई' म्हणतो.

बाईंची नेमणूक प्राथमिक शिक्षिका म्हणून झाली होती. नाटक हा त्यांच्या वेळापत्रकातला विषय कधीच नव्हता. सुट्टीत पदरमोड करून त्या शिबिरांना जात. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूला जाऊन आल्यावर त्यांच्या शिकवण्याचा ढंगच बदलला. सुपारीच्या बागांमधल्या त्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ साली 'नीनासम' ही नाट्य-सांस्कृतिक संस्था सुरू केली आणि १९८० साली तिथे नाट्यशिक्षणाची रीतसर संस्था उभी राहिली; १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाटकासाठी शहर लागत नाही, हे तिथे गेल्यावर कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. बाई ब. व. कारंतांचेही उदाहरण देत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालकपद भूषवलेला हा माणूस त्याआधी दिल्लीच्या एका शाळेत शिकवत होता आणि मुलांची नाटके बसवत होता. मुलांना नाटक शिकवणे म्हणजे नाटकात जमले नाही म्हणून धरलेली वाट नव्हे, एवढेच त्यांना सांगायचे असे.

बाईंच्या तालमीत पहिले दोन आठवडे संहिता कुणाच्या हातात पडत नसे. मुले गोल करून बसत, डब्याचे झाकण हातोहात फिरे आणि प्रत्येकाने त्याचे काहीतरी वेगळे करून दाखवायचे: आरसा, भाकरी, बसचे स्टिअरिंग. पुढे सगळ्यांनी सगळ्या भूमिका वाचायच्या. कोण काय करणार हे शेवटच्या आठवड्यात ठरे. तोवर प्रत्येकाला सगळे नाटक पाठ झालेले असे, त्यामुळे प्रॉम्प्टर हा प्रकारच उरत नसे. पालक वैतागत, कारण वेशभूषेचे काय ते शेवटपर्यंत कळत नसे. त्यांचेही चूक नव्हते.

एका वर्षी वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. आम्ही काही शिक्षकांनी सुचवले की त्याला पहारेकरी करावे, बोलायचे काम नको. बाईंनी त्याला गावच्या पाटलाची भूमिका दिली आणि एकही वाक्य कमी केले नाही. मेहनत घेतली ती बाकीच्या मुलांवर. पाटील बोलत असताना वाट कशी पाहायची, त्याच्या तोंडाकडे बघायचे की जमिनीकडे, त्याचा शब्द अडला तर आपण तो पुरा करायचा नाही, हे त्यांच्याकडून रोज घोटून घेतले. "तो बोलतोय तेव्हा तुमचाही अभिनय चालूच आहे," हे बाईंचे वाक्य माझ्या कानात बसले आहे. प्रयोगात तो अडखळला, दोन-तीनदा अडखळला, पण पाटील बोलायचा थांबला की सगळे गाव श्वास रोखून उभे, असे ते दृश्य झाले. करुणा म्हणून कुणाला सोपे काम द्यावे, हे बाईंना मान्यच नव्हते. कौतुकाच्या बाबतीतही त्या काटेकोर होत्या. तालमीत कुणी "छान केलंस" म्हणायचे नाही. आपल्याला काय दिसले ते सांगायचे.

आमच्या शाळेत काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. अशा एका मुलीला आईची भूमिका मिळाली, तेव्हा बाईंनी तिला रागवायचे प्रसंग कन्नडमध्येच करू दिले, कारण तिला राग त्याच भाषेत येत होता. प्रेक्षकांत बसलेल्या एकालाही अडचण आली नाही. सीमाप्रश्नावरची माझी मते सर्वांना ठाऊक आहेत आणि ती बदललेली नाहीत. पण हा जिल्हा नाटकाच्या बाबतीत दोन्ही भाषांचा ऋणी आहे, हे नाकारण्यात काय अर्थ? संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते इथल्याच गुर्लहोसूरला. कन्नड कंपनी नाटक गाजवून शंभरी ओलांडलेले एणगी बाळप्पा इथलेच, आणि श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा खेळ घडवणारे कुलगोड तम्मण्णाही इथलेच. एवढी पुण्याई गाठीशी असून आपल्या शाळांत नाटक म्हणजे डिसेंबरातली धावपळ!

बाईंचे सगळेच मला पटत होते असे नाही. त्यांचे प्रयोग कधीकधी रेंगाळत, हे मान्य करायला हवे. स्पर्धेत नाटक उतरवायला त्या सरळ नकार देत. एखाद्या खरोखर तयारीच्या मुलाला मोठ्या रंगमंचावर उभे राहायची संधी त्यामुळे हुकली, असे मला आजही वाटते, आणि मी तसे त्यांना बोलूनही दाखवले आहे. मात्र 'कप कुठाय' असे विचारणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. कप कपाटात राहतो. सतरंजी अंथरणारा मुलगा आपल्याला बोलता येत नाही, ही समजूत घेऊन दहावीपर्यंत जातो आणि पुढे ग्रामसभेतही गप्प बसतो.

बाईंच्या जागी नवीन शिक्षक येतील, पण त्यांना नाटक येत असेलच असे नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून शाळा सुधारणा समितीच्या पुढच्या बैठकीत मी एवढीच मागणी ठेवणार आहे की यंदा पहिले दोन आठवडे भूमिका वाटू नयेत आणि तालमीला वर्गातला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी असावी. याला खर्च शून्य आहे. 'वेळ नाही' असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांनी गेल्या वर्षी नाचाच्या कपड्यांसाठी किती वेळ गेला ते आठवून बैठकीला यावे.